बर्फाची सुट्टी गेली, पण शाळा कोणाच्या घरी आली?

१३ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. न्यूयॉर्कमध्ये बर्फाचे वादळ येणार असा अंदाज होता. शहर प्रशासनाने आदल्या दिवशीच जाहीर केले की उद्या शाळांच्या इमारती बंद राहतील, पण सुट्टी मिळणार नाही. मुलांनी घरी बसून ऑनलाइन वर्गाला हजर राहायचे. न्यूयॉर्कची सार्वजनिक शाळा-व्यवस्था अमेरिकेतली सर्वात मोठी, नऊ लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची. सकाळी ही मुले एकदम लॉगिन करायला गेली आणि दारातच अडकली. ओळख पटवणारी यंत्रणा एवढा भार पेलू शकली नाही. शहराच्या शाळांचे चॅन्सलर डेव्हिड बँक्स यांनी पत्रकारांसमोर आयबीएम कंपनीकडे बोट दाखवले. बर्फ किती पडला? सेंट्रल पार्कमध्ये तीन इंचांच्या थोडा वर.

बातम्यांमध्ये या दिवसाची चेष्टा झाली आणि विषय संपला. आम्हाला मात्र आदल्या दिवशीचे एक वाक्य जास्त महत्त्वाचे वाटते. महापौर एरिक अ‍ॅडम्स यांना पालकांच्या अडचणींबद्दल विचारले, तेव्हा त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपल्या लेकरासाठी संगणक हाताळायची ज्या पालकाची तयारी नाही, त्याची अवस्था खेदजनकच म्हणायची. म्हणजे वर्ग भरला नाही तर दोष कोणाचा, हे वर्ग भरण्याच्या आधीच ठरलेले होते. ‘पालकांनाच शिक्षणाची गोडी नाही’ हे वाक्य वस्तीत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांनी किती वेळा ऐकले आहे! ते न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय महापौराच्या तोंडून आले म्हणून त्याची जात बदलत नाही.

अमेरिकेतल्या बर्फाशी आपले काय देणेघेणे, असे काही मित्र विचारतील. बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळातले हिवाळे याच शहरात, हार्लेमच्या कडेला असलेल्या कोलंबिया विद्यापीठात काढले; १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिताना तिथल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न आपण अभ्यासला आहे, हे त्यांनी आवर्जून सांगितले. पण ते बाजूला ठेवले तरी, सुट्टीच्या दिवशी शाळा घरी पाठवण्याची ही कल्पना नीट तपासायला हवी. ती जिथे जन्मली तिथला इतिहास पाहिला की तिचे खरे रूप कळते.

आधी ‘स्नो डे’ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे मुसळधार पाऊस झाला की जिल्हाधिकारी किंवा महापालिका शाळांना सुट्टी देते, तशीच ती बर्फाची सुट्टी. रस्ते निसरडे होतात, शाळेच्या पिवळ्या बस चालू शकत नाहीत, म्हणून स्थानिक शाळा प्रशासन पहाटे सुट्टी जाहीर करते. पूर्वी ती रेडिओवर ऐकायची, मग टीव्हीच्या खालच्या पट्टीत शोधायची, आता मोबाइलवर येते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वर्षाला १८० दिवस किंवा ठरावीक तास शाळा भरवावी लागते आणि राज्याचे अनुदान त्या हिशोबाला बांधलेले असते. म्हणून वापरलेले सुट्टीचे दिवस जूनमध्ये भरून काढतात, किंवा आधीच काही दिवस राखून ठेवतात.

या सुट्टीमागे एक जुनी जखम आहे. १२ जानेवारी १८८८ रोजी डकोटा आणि नेब्रास्काच्या माळरानावर सकाळ उबदार होती. आधीचे कडाक्याचे दिवस सरले म्हणून मुले जाड कोट न घालताच शाळेला गेली. दिवस वर आल्यावर अचानक वादळ आले, काही तासांत तापमान कोसळले, समोरचा हात दिसेना. एका खोलीच्या त्या शाळांतल्या शिक्षिकांनी मुलांना आत ठेवायचे की घरी सोडायचे? सरपण संपले तर आत गारठून मरण, बाहेर पडावे तर वाट चुकून मरण. या वादळात सुमारे २३५ माणसे गेली असे मानले जाते, आणि त्यात शाळेतून परतणारी मुले इतकी होती की इतिहासात ते ‘मुलांचे हिमवादळ’ म्हणूनच नोंदले गेले. नेब्रास्कातील मिनी फ्रीमन नावाच्या तरुण शिक्षिकेने शाळेचे छप्पर उडाल्यावर आपल्या विद्यार्थ्यांना जवळच्या घरापर्यंत सुखरूप नेले, म्हणून तिचे नाव देशभर झाले. पुढे शाळा, रस्ते आणि हवामानखाते जसे वाढत गेले तशी बर्फाची सुट्टी रूढ झाली. मूल जिवंत राहणे हे हजेरीपेक्षा मोठे, एवढाच तिचा अर्थ होता. आणि ती सर्वांना सारखी होती. गावातल्या सावकाराचे पोर आणि त्याच्या गड्याचे पोर, दोघांचाही धडा त्या दिवशी तेवढाच मागे राहायचा.

शाळा बंद आणि शिक्षण चालू, हा प्रयोगही इंटरनेटच्या पुष्कळ आधीचा आहे. १९३७ च्या सप्टेंबरात शिकागोत पोलिओची साथ होती, म्हणून शाळा उघडल्या नाहीत. तेव्हा शहराने रेडिओवरून शाळा भरवली. तिसरी ते आठवीच्या ३ लाख १५ हजारांच्या आसपास मुलांसाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ स्थानिक रेडिओ केंद्रांवरून प्रसारित झाले, वेळापत्रक आणि प्रश्न वर्तमानपत्रांत छापून आले, आणि शंकांसाठी पालकांना फोन करायची सोय ठेवली. त्या काळाच्या मानाने मोठीच करामत म्हणायची. पण महामंदीच्या त्या दशकात सगळ्या घरांत रेडिओ नव्हता, जिथे होता तिथे आवाज नीट लागेलच असे नव्हते, आणि मागे राहणाऱ्या पोराला सावरायला समोर कोणी नव्हते. हे आक्षेप तेव्हाच घेतले गेले. तीन आठवड्यांत शाळा उघडल्या आणि प्रयोग थांबला. ऑनलाइन शिक्षणावरचे आजचे सारे आक्षेप १९३७ मध्येच नोंदवून झाले होते, तरी दर वेळी नवे यंत्र आले की हा प्रश्न जणू पहिल्यांदाच पडतो.

१९७७ च्या हिवाळ्यात ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात नैसर्गिक वायूची टंचाई झाली. शाळा गरम करायला इंधन नव्हते. मग ‘शाळेविना शाळा’ या नावाने फेब्रुवारीभर टीव्ही, रेडिओ आणि वर्तमानपत्रातून धडे दिले गेले. मात्र तिथे मुलांना आठवड्यातून एकदा तरी, ज्या इमारती गरम ठेवता येत होत्या तिथे, शिक्षकांना समोरासमोर भेटवले जात होते. पुढच्या योजनांतून जे हळूहळू गळत गेले ते हेच.

आता व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीकडे वळू. तिथे बर्फाचा संबंध नाही, थंडीचा मात्र आहे. आणि शाळा बंद झाल्यावर ‘ज्याने त्याने आपली सोय पाहावी’ असे म्हटले की काय होते, याचा इतका उघडा दाखला दुसरा सापडणार नाही.

फार्मव्हिल गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटन हायस्कूल होते. १८० मुलांसाठी बांधलेल्या शाळेत साडेचारशेच्या वर मुले. प्रशासनाने नवी इमारत न देता आवारात डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्या उभ्या केल्या. पावसात त्या गळत. हिवाळ्यात शेगडीजवळच्या मुलांना घाम यायचा आणि लांबच्या मुलांनी अंगावर कोट ठेवून लिहायचे. २३ एप्रिल १९५१ रोजी १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्स या विद्यार्थिनीने शाळेत संप घडवून आणला. त्या संपातून उभा राहिलेला खटला पुढे ब्राऊन खटल्याचा भाग झाला आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

काउंटीने काय केले? न्यायालयाचा आदेश टाळता येईना तेव्हा १९५९ मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळांनाच कुलूप लावले. कायद्याच्या भाषेत हे ‘सर्वांसाठी समान’ होते, शाळा गोऱ्यांच्याही बंद झाल्या होत्या. पण गोऱ्या मुलांसाठी लगेच खासगी अकादमी उभी राहिली आणि तिला सार्वजनिक पैशातून शिष्यवृत्ती आणि करसवलतीचा आधार मिळाला. सतराशेच्या आसपास कृष्णवर्णीय मुले उघड्यावर पडली. काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी पाठवले, काही चर्चच्या तळघरात बसून जमेल तेवढे शिकली, आणि अनेकांचे शिक्षण तिथेच संपले. १९६३ मध्ये देणग्यांतून मोफत शाळा सुरू झाल्या आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळा उघडायला लावल्या. पाच वर्षे गेली ती गेलीच.

एका दिवसाच्या ऑनलाइन वर्गाची आणि पाच वर्षांच्या वर्णद्वेषी टाळेबंदीची तुलना केली तर कोणी म्हणेल हे ओढूनताणून आहे. दोन्हींमागचा हेतू एक आहे असे आमचे म्हणणे नाही. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांच्या मनात तसे पाप नव्हते. पण यंत्रणा हेतूवर चालत नाही. शाळा नावाची सामाईक जागा काढून घेतली की उरते फक्त घर. घर म्हणजे काय? त्यात किती खोल्या, किती यंत्रे, कोणती माणसे, त्यांना कोणती कामे? ते सगळे आधीच्या इतिहासाने ठरवलेले असते. शाळेची चार भिंतींची जागा ही निदान काही तास त्या इतिहासाला दाराबाहेर उभे करते. आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा असमानतेच्या पुनरुत्पादनाबद्दल पुष्कळ वाचले. त्यातला अर्धा भाग या एका प्रश्नात मावतो.

आता प्रत्यक्ष बर्फाच्या सुट्टीवर गदा कशी आली ते पाहू. २०१० नंतरच्या दशकात न्यू हॅम्पशायर, ओहायो अशा राज्यांत ‘ब्लिझार्ड बॅग’ म्हणजे वादळासाठीची पिशवी हा प्रकार रुळला. शिक्षक आधीच गृहपाठ तयार करून ठेवणार, वादळाच्या दिवशी मुलांनी तो घरी सोडवायचा, आणि तो दिवस शाळा भरल्याचा धरायचा. ओहायोत २०११ च्या कायद्याने असे तीन दिवसांपर्यंत धरता येऊ लागले. तिथे एक तरतूद होती. ज्या मुलाकडे संगणक किंवा इंटरनेट नाही त्याला शाळा उघडल्यावर शाळेतच ते काम करू द्यायचे, आणि त्यासाठी दोन आठवड्यांची मुदत. तरतूद अपुरी असेल, पण कायदा लिहिणाऱ्याला निदान असे मूल असते हे ठाऊक होते. मग मिनेसोटाने २०१७ मध्ये पाच ई-लर्निंग दिवसांना मान्यता दिली, पेनसिल्व्हेनियाने २०१९ मध्ये ‘लवचीक अध्यापन दिवस’ या गोंडस नावाने पाच दिवस दिले. उलट मॅसेच्युसेट्सने २०१९ मध्येच जाहीर केले की ही पद्धत आम्ही बंद करत आहोत, कारण सगळ्या मुलांना ती सारखी पोहोचते याची खात्री नाही. सरकारी खात्याने अशी कबुली देणे दुर्मीळ, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

ही खात्री का नव्हती? प्यू संशोधन केंद्राने २०१८ मध्ये १३ ते १७ वयाच्या मुलांना विचारले. १७ टक्के मुले म्हणाली की धड संगणक किंवा इंटरनेट नसल्यामुळे गृहपाठ कधी कधी किंवा बरेचदा पूर्ण होत नाही. कृष्णवर्णीय मुलांत हे प्रमाण २५ टक्के होते. वर्षाला ३० हजार डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या, शाळकरी मुले असलेल्या घरांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त घरांत वेगवान इंटरनेट नव्हते. ही जगातल्या सर्वात श्रीमंत देशाची गोष्ट आहे.

मग २०२० आले. महामारीत सगळ्यांच्याच हातात टॅबलेट आणि लॅपटॉप दिले गेले, निदान तसे जाहीर झाले. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील सालिनासमधले एक छायाचित्र जगभर फिरले: दोन लहान मुली टॅको बेल या खाणावळीच्या बाहेर फुटपाथवर लॅपटॉप घेऊन बसल्या आहेत, कारण घरी इंटरनेट नाही आणि तिथले वायफाय फुकट मिळते. हे घडत असतानाच शाळा प्रशासनांच्या लक्षात आले की यंत्रे दिलीच आहेत, तर आता बर्फाची सुट्टी कशाला? ‘एज्युकेशन वीक’च्या २०२० च्या पाहणीत ३९ टक्के अधिकारी-मुख्याध्यापक म्हणाले की आम्ही बर्फाचे दिवस ऑनलाइन केले आहेत, आणखी ३२ टक्के म्हणाले विचार चालू आहे. न्यूयॉर्कने त्याच वर्षी आपल्या वेळापत्रकातून बर्फाची सुट्टी काढून टाकली आणि पुढची काही वर्षे ती परत आणली नाही. कारण सांगितले ते १८० दिवसांचे: सणांच्या सुट्ट्या वाढल्या, दिवस पुरत नाहीत.

त्याच न्यूयॉर्कमध्ये दर वर्षी एक लाखाहून अधिक विद्यार्थी बेघर असतात. काही शहराच्या निवारागृहांत, काही नातेवाइकांच्या घरात दाटीवाटीने. २०२० च्या शरद ऋतूत या मुलांना शहराने सेल्युलर डेटा असलेले आयपॅड दिले, पण कित्येक निवारागृहांत मोबाइलचे सिग्नलच पोहोचत नव्हते. यंत्र हातात, वर्ग हवेत. शेवटी लीगल एड सोसायटी आणि कोएलिशन फॉर द होमलेस या संस्थांना नोव्हेंबर २०२० मध्ये शहरावर खटला भरावा लागला, आणि २०२१ मध्ये तडजोड होऊन निवारागृहांत वायफाय बसवण्याची मुदत ठरली. न्यायालयात गेल्याशिवाय ते झाले नाही. ज्या शहराला निवारागृहात वायफाय लावायला खटला लागतो, त्या शहराने बर्फाची सुट्टी रद्द करायला मात्र एक वेळापत्रक पुरले.

इथे एक अभ्यास फार उपयोगी पडतो. अर्थशास्त्रज्ञ जोशुआ गुडमन यांनी मॅसेच्युसेट्समधल्या बर्फाच्या सुट्ट्या आणि मुलांचे गुण तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला. बर्फामुळे पूर्ण शाळा बंद राहिली तर मुलांच्या गुणांवर परिणाम दिसत नाही. पण शाळा चालू असताना एखादे मूल गैरहजर राहिले तर परिणाम होतो. कारण साधे आहे. शाळाच बंद असेल तर शिक्षिका दुसऱ्या दिवशी तोच धडा सगळ्यांना घेते. काहीच मुले गैरहजर असतील तर वर्ग पुढे जातो, आणि ती मुले मागे राहतात. गुडमन यांनी हे ऑनलाइन दिवसांबद्दल लिहिलेले नाही, पुढचे अनुमान आमचे आहे. ऑनलाइन दिवस काय करतो? सर्वांच्या सामाईक सुट्टीचे तो काही मुलांच्या वैयक्तिक गैरहजेरीत रूपांतर करतो. ज्यांची लॉगिन झाली त्यांचा धडा झाला, ज्यांची झाली नाही त्यांचा बुडाला, आणि कागदावर दिवस सगळ्यांचा भरला. जूनमधला भरपाईचा दिवसही गेला, कारण भरपाई करायला बुडालेले काही उरलेच नाही! जो तोटा आधी सगळ्यांचा होता आणि सगळ्यांसाठी भरून निघत होता, तो आता फक्त काहींचा झाला आणि हिशोबातून नाहीसा झाला. आमचा सारा आक्षेप या एका जागी आहे.

बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना असाच हिशोब उलटा करून दाखवला होता. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी सांगितले. सरकार पटावरची नावे मोजत होते. ते शेवटी टिकलेली मुले मोजत होते.

बर्फाची सुट्टी वाचवा म्हणणारा एक सूर अमेरिकेत मोठा आहे, आणि तो बहुतांशी गोड आठवणींचा आहे. बर्फाचा माणूस, घसरगाडी, गरम चॉकलेट. डिसेंबर २०२० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील जेफरसन काउंटीच्या शिक्षणप्रमुखांनी ऑनलाइन वर्गही बंद ठेवून मुलांना बर्फात खेळायला सांगणारे पत्र काढले आणि ते देशभर गाजले. पत्र सुंदर होते, नाकारायचे कारण नाही. खेळणे हा मुलांचा हक्क आहेच. बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात तो लिहिलेला आहे, आणि ती संहिता अमेरिकेने आजवर मंजूर केलेली नाही हेही जाता जाता सांगू. पण अशा आठवणींवर वाद लढला तर तो हरणार, कारण समोरचा लगेच म्हणतो, तुम्हाला खेळ हवा, आम्हाला शिक्षण हवे. गरीब पालक या वादात शिक्षणाच्याच बाजूने उभे राहतात आणि ते बरोबरही आहे. म्हणून प्रश्न खेळ की शिक्षण असा मांडू नये. त्या दिवशी शिक्षण कोणाचे झाले, हा प्रश्न विचारावा.

कष्टकरी आईसाठी तर बर्फाची जुनी सुट्टीही सोपी नव्हती. शाळा बंद म्हणजे रुग्णालयात साफसफाई करणारी, दुकानात गल्ल्यावर उभी राहणारी बाई एक तर मजुरी बुडवणार किंवा पोराला शेजारणीकडे ठेवणार. ऑनलाइन दिवसाने यातले काही सुटले नाही. उलट शेजारणीकडे पोर बसवणे जमत होते, तिथे आता लॉगिन करून देणारेही कोणी हवे. पहिलीतल्या मुलाला पासवर्ड कोण टाकून देणार? दहावीतली बहीण स्वतःचा वर्ग सोडून ते करते. ज्या अपंग मुलाला शाळेत वाचा-उपचार मिळतो, मदतनीस मिळतो, त्याला पडद्यावर काय मिळणार?

आणि जेवण. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेत शालेय भोजन योजना सुरू झाली. महामारीच्या आधी रोज सुमारे ३ कोटी मुले शाळेत दुपारचे जेवत होती, त्यात बहुतेकांना ते मोफत किंवा सवलतीत. सकाळच्या न्याहारीचा इतिहास आपल्या वाचकांना जास्त जवळचा वाटेल. ब्लॅक पँथर पक्षाने १९६९ मध्ये ओकलंडच्या चर्चमध्ये मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली, कारण उपाशी पोर शिकू शकत नाही हे त्यांना वस्तीत दिसत होते. याच पँथरवरून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. सरकारची शालेय न्याहारी योजना अमेरिकेत १९७५ मध्ये कायमस्वरूपी झाली. बर्फाच्या जुन्या सुट्टीतही हे ताट चुकत असे, हे खरे. फरक असा की तेव्हा तो दिवस शाळेचा आहे असा कोणाचा दावा नव्हता. आता दिवस शाळेचा, हजेरी शाळेची, अनुदान शाळेचे, आणि ताट मात्र घरचे.

हे सगळे दूरच्या देशाचे म्हणून सोडून देता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीत धुराने श्वास घेणे अवघड झाले, तेव्हा शाळा ऑनलाइन केल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयालाच नोंद घ्यावी लागली की पुष्कळ मुलांचे दुपारचे भोजन बुडते आहे, अनेकांकडे ऑनलाइन शिकायची सोय नाही, आणि घरात हवा शुद्ध करणारे यंत्र नसलेल्या मुलाला घरी बसवून हवा काही वेगळी मिळत नाही. बर्फ नाही, धूर आहे, यंत्रणा तीच.

महाराष्ट्रात २०२०-२१ मध्ये आम्ही वस्तीत जे पाहिले ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. घरात एक फोन, तो बापाच्या खिशात, बाप कामावर. संध्याकाळी फोन घरी येईपर्यंत वर्ग संपलेला आणि रिचार्जही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेट होते आणि ११ टक्क्यांहून कमी घरांत संगणक. त्यानंतर फोन वाढले, डेटा स्वस्त झाला, हे मान्य. तरी चार मुलांत एक फोन हा हिशोब कित्येक घरांत आजही तसाच आहे.

जुलैमध्ये हवामान खात्याचा रेड अलर्ट येतो, प्रशासनाचा आदेश निघतो, आणि सरकारी शाळेच्या मुलासाठी त्या आदेशात अजून तरी ‘सुट्टी’ हाच शब्द असतो. काही खासगी शाळा अशा दिवशी ऑनलाइन तास घेऊ लागल्या आहेत. उद्या हीच सोय ‘शैक्षणिक नुकसान टाळण्यासाठी’ सगळ्यांना लागू करू, असे परिपत्रक आले तर कार्यकर्त्यांनी ते पहिल्या दिवशीच नीट वाचावे. ज्याच्याकडे फोन नाही त्याची हजेरी कशी लावणार, त्याचा बुडालेला धडा कोण आणि कधी घेणार, आणि त्या दिवसाची खिचडी कुठे शिजणार, याचे उत्तर त्यात लेखी आहे का ते शोधावे. ओहायोच्या कायद्यात निदान दोन आठवड्यांची मुदत तरी लिहिलेली होती.